एकाच उतारावरची सव्वातीनशे वर्षं

झाडाला हात लावा. नुसता टेकवा, जोर नको. कमरेएवढं कॉफीचं झाड आहे. शेंड्याची पानं पिवळी पडून लोंबताहेत, तरी उभं आहे. आता जरासं ढकला. कट्‌कन आवाज होतो आणि झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर मोडून आडवं होतं. मोडल्या जागी वाकून बघा. आत लाकूड असं उरलेलंच नाही. भुसा ठासून भरलेली वेडीवाकडी भुयारं आहेत आणि त्यातल्या एकात, डोक्याकडे रुंद नि शेपटीकडे निमुळती, पांढुरकी अळी वळवळतेय.

साल १८६८. तुम्ही उभे आहात तो चिकमगळूरच्या उत्तरेचा, बाबा बुडन डोंगररांगेचा दक्षिण उतार. उंची बाराशे मीटरच्या आसपास. राज्य म्हैसूरचं, पण १८३१ पासून कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती. उतारभर हीच झाडं रांगेत लावलेली आणि डोक्यावर लख्ख ऊन. सावलीसाठी मान वळवलीत तर रान दिसतं ते पार पलीकडच्या टेकडीवर. इथलं तोडलंय, जाळलंय आणि राखेत रोपं लावलीत. पहिली काही वर्षं अशा मळ्यात झाडं इतकी लगडतात, की मालकाला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं. मग दोन-तीन वर्षं पावसानं ओढ दिली, की काय होतं ते तुमच्या हातात आहे.

हा पांढरा खोडकिडा. भुंगेऱ्याची मादी उन्हानं तापलेलं खोड हुडकते आणि सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी आधी सालीखाली आणि मग गाभ्यात शिरते. झाड बाहेरून हिरवं दिसत असतानाच आतून संपलेलं असतं. मेस्त्री, म्हणजे मजुरांचा मुकादम, चार माणसं घेऊन आलाय; मेलेली झाडं मुळासकट उपटून ढीग घालायचा आणि पेटवायचा, एवढाच त्याला हुकूम आहे. उतारावर ठिकठिकाणी धूर दिसतो. मद्रास सरकारनं डॉ. जॉर्ज बिडी यांना या किडीच्या चौकशीवर नेमलंय. त्यांचा अहवाल पुढच्या वर्षी छापून होईल आणि रान सरसकट तोडून मळे उघडे पाडले हे चुकलं, असं त्यातून निघेल. तोवर बऱ्याच जणांचं दिवाळं वाजलेलं असेल.

इथून मागे या. उतार तोच ठेवा, फक्त दोनशे वर्षं उलटी जाऊ द्या.

ऊन एकदम विझतं. अंगावर ओल येते. शिसव, फणस, उंबराच्या जातीची थोराड झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेल्या वेली, पायाखाली कुजलेल्या पानांचा गुडघ्याला लागेल असा थर. साल १६७० च्या आगेमागे. परंपरा सांगते, की बाबा बुडन नावाचे सूफी हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे कमरेला बांधून घेऊन आले आणि त्यांनी ते या डोंगरात पेरले. शिजवल्या-भाजल्याशिवाय दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा तिकडे दंडक होता म्हणतात. याला कागदाचा पुरावा नाही, आणि सातच दाणे का, हे विचारण्यात अर्थ नाही. पवित्र आकडा आहे. मला या कथेत खरी मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कॉफीचं बी ज्वारी-बाजरीसारखं वर्षभर कणगीत टिकत नाही. काही महिन्यांतच त्याची उगवण्याची ताकद जाते. म्हणजे ज्यानं कोणी ते आणलं, त्यानं वाटेत मुक्काम लांबवला नाही. मोख्याची जहाजं तेव्हा सुरतेला लागत. याच सुरतेवर १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांचा दुसरा छापा पडला. समुद्र, बंदर, घाट, एवढं ओलांडून बी जिवंत पोचलं, ही करामत सात या आकड्याहून मोठी आहे.

वाका आणि बी पेरलेली जागा बघा. दाण्याची सपाट बाजू खाली ठेवतात, वर बोटभर माती, तिच्यावर गवताचं आच्छादन. आता काळ थोडा पळवू. पंचेचाळीस दिवसांनी माती फुटते आणि एक वाकडा देठ वर येतो. तो सरळ होताना डोक्यावर अख्खा दाणाच उचलून आणतो, टरफलासकट. मळेवाले या अवस्थेला आजही ‘टोपी’ म्हणतात. रोपवाटिकेत टोपी घातलेल्या शेकडो रोपांची पलटण उभी असते, तेव्हा हसू आवरत नाही. मग टोपी गळते, दोन गोल पानं उलगडतात. त्याला म्हणतात फुलपाखरू. इथून पहिलं फळ धरायला तीन-चार वर्षं.

या डोंगरावरच्या गुहेला कोणी बाबा बुडनचा दर्गा म्हणतात, दत्तभक्त तिला दत्तपीठ मानतात, आणि त्यावरून पुढे किती कोर्टकचेऱ्या होतात ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. झाडाला त्याचं काही नाही. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं ते घरामागच्या परसात, रानाच्या सावलीत, कोणी फारशी निगा न राखता वाढत राहतं.

आता पुढे चला. जळका उतार ओलांडून थेट १८९४.

पुन्हा गारवा लागतोय, पण हे मूळचं रान नाही. उंबर-नांदरुकीच्या जातीची झाडं, शिसव, फणस, मधल्या थरात पांगारा, सगळी अंतर बघून राखलेली. पांगाऱ्याच्या फांद्या पावसाळ्यात छाटतात, म्हणजे खालच्या कॉफीला उजेड मिळतो आणि पाला तिथंच कुजून खत होतो. उन्हाळ्यापर्यंत फुटवा येऊन सावली पुन्हा तयार. रॉबर्ट इलियट नावाचा एक स्कॉटिश मळेवाला १८५६ पासून दक्षिणेकडे, मंजराबादच्या बाजूला कॉफी लावतोय. या वर्षी म्हैसूरमधलं सोनं, शिकार आणि कॉफी यांवर त्याचं जाडजूड पुस्तक निघालंय. त्यात सावलीचं कोणतं झाड चांगलं, कोणतं कुचकामी, यावर तो पानंच्या पानं खर्ची घालतो. वाघाच्या शिकारीच्या गोष्टींपेक्षा ती पानं वाचनीय आहेत असं मी म्हटलं तर शिकारकथांचे चाहते रागावतील. पण सावलीच्या झाडांबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं लिहिणारा माणूस मळेवाल्यांत विरळा.

फांदीवरचं एक फळ बोटात धरा. जुलै आहे, फळ कच्चं, गच्च हिरवं. उघड्या मळ्यात ते घाईघाईनं फुगून लाल होतं. इथं ते सावकाश भरतं. फूल ते पक्कं फळ असा अरेबिकाचा प्रवास आठ-नऊ महिन्यांचा, आणि गार हवेत तो आणखी रेंगाळतो. दाणा भरदार होतो, त्याच्यात गोडी आणि हलका आंबूसपणा जमतो. अढीतला आंबा आणि कार्बाइडचा आंबा यांतला फरक ज्याला जिभेवर कळतो त्याला यापुढे समजावायला नको.

आता ते पान उलटा. पानाच्या पाठीवर नारिंगी पूड आहे, बोटाला लागली. हा तांबेरा. १८६९ मध्ये तो सिलोनमध्ये दिसला आणि वीसेक वर्षांत त्या बेटावरची कॉफी बुडाली; तिथले मळेवाले चहाकडे वळले, म्हणून आज आपण ‘सिलोनचा चहा’ म्हणतो. किडीला सावली मानवत नाही, पण तांबेऱ्याला दमटपणा मानवतो. सावली दाट ठेवा तर तांबेरा, विरळ करा तर खोडकिडा. या उतारावरची जुनी जात, जिला सगळे लाडानं ‘चिक’ म्हणत, ती या दोघांच्या कचाट्यात संपली. तिच्या जागी कोडगूहून आणलेली जात लावली. तीही पुढे तांबेऱ्याला बळी पडू लागली. नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि कोकणातला सुपारीवाला ज्या मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याला बोर्डो म्हणून ओळखतो, तोच इथंही पावसाळ्याच्या आधी नि नंतर मारावा लागणार आहे. पण फवारा हा झाला इलाज. झाडच असं हवं, जे टिकेल आणि ज्याची कॉफी तोंडात धरवेल.

त्यासाठी उतारावरून खाली उतरा आणि पश्चिमेला भद्रा नदीच्या काठी या. बाळेहोन्नूर. साल १९३०. पाच वर्षांपूर्वी म्हैसूर सरकारनं इथं कॉफीचं प्रयोगकेंद्र काढलंय. राज्याचे शेती संचालक लेस्ली कोलमन यांचा त्यात पुढाकार. इथं तुम्हाला पहिल्यांदाच एक वेगळी गोष्ट दिसते. प्रत्येक झाडाला नंबर आहे. वहीत त्या नंबरासमोर लिहिलंय: आई कोण, बाप कोण, फळ किती, तांबेरा किती.

एक माणूस संध्याकाळी फांदीपाशी बसलाय. उद्या सकाळी उमलणाऱ्या कळ्यांतले पुंकेसर तो चिमट्यानं एकेक करून काढतोय. अरेबिका स्वतःचाच पराग स्वतः घेते, म्हणून फूल उमलायच्या आत तिला थांबवावं लागतं. मग फांदीवर पिशवी, उद्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग, पुन्हा पिशवी, आणि दोऱ्याला चिठ्ठी. या फुलाचं फळ नऊ महिन्यांनी. त्या बियांची झाडं फळायला चार वर्षं. ती कशी निघाली हे नक्की कळायला आणखी काही वर्षं. मग त्यांच्या पोरांची तीच कथा. संकराच्या कामाला माणूस तरुणपणी लागतो आणि निकाल बघतो तो पेन्शनीच्या सुमारास.

एका बाजूला ‘केंट’: म्हैसूरमधल्या केंट नावाच्या मळेवाल्यानं आपल्याच मळ्यात निवडलेली जात, कप उत्तम. दुसऱ्या बाजूला एस. २८८: अरेबिका आणि लायबेरिका यांच्या निसर्गतःच झालेल्या संकरातून आलेली, तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देणारी, पण दाण्यात खोट असलेली. दोघींना एकत्र आणून जे निघालं तो निवड क्रमांक ७९५. चाळीसच्या दशकात ते मळेवाल्यांच्या हाती पडलं. एस. ७९५ आजही भारतातल्या अरेबिकाच्या मळ्यांत सगळीकडे भेटतं. इतक्या लाडक्या झाडाला कोणी नाव ठेवलं नाही, नंबरच चिकटून राहिला. मला ते बरं वाटतं. नंबर म्हणजे कुणीतरी वही ठेवली होती.

आता परत उतारावर. आणि इथं जरा बसा, कारण हा मुक्काम मोठा आहे. डिसेंबर १९५५.

पहाटे लायनीत तास वाजतो. लायनी म्हणजे कामगारांच्या कौलारू खोल्यांच्या रांगा. धुकं इतकं, की पुढची बाई दिसत नाही, तिच्या डोक्यावरून घेतलेल्या कांबळ्याची खोळ तेवढी दिसते. काही जणी इथल्याच. काही घाटाखालून, दक्षिण कानड्यातून, तिकडची भातकापणी उरकून आल्यात. काही पूर्वेच्या कोरड्या मुलखातल्या. मेस्त्रीनं त्यांना उचल देऊन आणलंय. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्याला ठाऊक आहे त्याला ही रीत, तिच्यातली सोय नि तिच्यातला फास, दोन्ही सांगायची गरज नाही. १९५१ चा मळा कामगार कायदा झालाय, त्यातलं काय काय या लायनीपर्यंत पोचलंय ते छताकडे बघून ठरवा.

कमरेला टोपली बांधा. झाड तुमच्या खांद्याला लागेल एवढं. शेंडा खुडून त्याला त्याच उंचीला धरलंय, म्हणजे फांद्या आडव्या पसरतात आणि हात पोचतो. फांदी स्वतःकडे ओढा. दवानं बाही कोपरापर्यंत भिजेल, सवय करून घ्या. पानं जोडून केलेलं लाल मुंगळ्यांचं घरटं मध्ये आलं तर आधी फांदी सोडा, मग किंचाळा.

फांदीवर पेरापेरानं फळांचे झुबके आहेत. एकाच झुबक्यात चार फळं गर्द लाल, तीन केशरी, पाच हिरवी, एक सुकून काळं पडलेलं. मार्चमध्ये पाऊस दोन हप्त्यांत आला, त्यामुळे फुलोराही दोन हप्त्यांत झाला. इकडे त्याला फुलपाऊसच म्हणतात: इंच-दीड इंच पडला की आठ-दहा दिवसांत सगळा उतार पांढरा होतो आणि मोगऱ्याच्या जवळपासचा वास दोन-चार दिवस मावत नाही. पाणी कमी पडलं तर कळी अर्धवट फुटून तशीच करपते, आणि फुलोऱ्यानंतर तीन-चार आठवड्यांत दुसरी सर आली नाही तर धरलेलं गळतं. मळेवाला मार्चमध्ये देव मानतो, एप्रिलमध्ये पर्जन्यमापक.

तर तुम्हाला फक्त लाल हवीत. एक लाल फळ दोन बोटांत दाबा. आतला दाणा साल फोडून सुळकन बाहेर उडाला? पिकलंय. चाखून बघा, गर इवलासा पण गोड. आता केशरी दाबा. दाणा हट्टानं आत बसतो. त्याला आणखी आठवडा आहे. तोडताना फळ जरा पिळायचं, देठ फांदीवरच राहायला हवा. त्याच्या बुडाशी पुढच्या वर्षीचा डोळा आहे. अख्खा झुबका मुठीत धरून ओरबाडला तर टोपली तिप्पट वेगानं भरते, आजची कॉफी बिघडते आणि पुढच्या वर्षीचं फूल जातं.

शेजारच्या रांगेतली बाई दोन्ही हातांनी तोडतेय. तिचे डोळे फांदीवर नाहीत. ती मेस्त्रीला तोडीस तोड उत्तरं देतेय आणि बोटं आपापली लाल तेवढी निवडताहेत.

“अक्का, टोपलीत हिरवं दिसतंय मला,” मेस्त्री म्हणतो.

“तुझ्या डोळ्यांतच हिरवं आहे,” ती म्हणते, आणि टोपलीत वरवर आलेली दोन कच्ची फळं अंगठ्यानं हळूच खाली ढकलते.

हसू नका. मजुरी वजनावर आहे. दिवसाचं ठरलेलं माप भरलं की त्यावरच्या प्रत्येक पौंडाला जास्तीचे पैसे. तराजूला हिरव्या-लालचा भेद कळत नाही. चांगल्या कॉफीबद्दल जगभर जे काही बोललं जातं, माती, उंची, जात, सावली, ते सगळं इथं या कमरेच्या टोपलीशी येऊन थांबतं. कच्चं फळ मिसळलं की कप तुरट लागणार, आणि ते टाळायचं काम ज्या बाईवर सोपवलंय तिला टाळल्याचा मोबदला नाही. शिवाय एकाच झाडाशी तीन-चार वेळा परत यायचं: आधी तुरळक पिकलेलं, मग मुख्य तोड, मग उरलंसुरलं, शेवटी जमिनीवर गळलेलं वेचायचं.

दुपारी चारला सगळ्या जणी रस्त्याच्या कडेला चटया अंथरून आपापला ढीग उलटा करतात. हिरवं, काळं, पालापाचोळा बाजूला काढायचा. मग वजन. रायटर, म्हणजे मळ्याचा कारकून, वहीत नाव आणि पौंड लिहितो. अंगठ्यानं खाली ढकललेली ती दोन कच्ची फळं या वेळी बाहेर येतात, सगळ्यांच्या देखत. कोणीच काही बोलत नाही.

फळ आजच्या आज फोडायला हवं. रात्रभर पोत्यात राहिलं तर तापून आंबतं. म्हणून अंधार पडताना तुम्ही पल्परघरात. डिझेल इंजिनाचा धडधडाट, पाटातून येणारं पाणी. फळं आधी हौदात सोडतात. पोकळ आणि किडकी वर तरंगतात, ती वेगळी. बुडालेली पल्परच्या फिरत्या तबकड्यांत जातात आणि एकीकडून लाल सालं, दुसरीकडून दाणे पडू लागतात. मूठभर दाणे हातात घ्या. राहत नाहीत, निसटतात. प्रत्येक दाण्यावर बुळबुळीत थर आहे. तो पाण्यानं धुऊन जात नाही, तो आंबवूनच सोडवावा लागतो.

दाणे सिमेंटच्या टाकीत. वर गोणपाट. आता वाट बघायची: चोवीस तास, तीस, कधी छत्तीस. हवा गार असेल तर जास्त. घड्याळ इथं फारसं कामाचं नाही. दुसऱ्या रात्री, तीनच्या सुमारास, पल्परघरातला म्हातारा कंदील घेऊन उठतो, बाही सारतो आणि कोपरापर्यंत हात टाकीत घालतो. मूठ वळून दाणे एकमेकांवर चोळतो. तुम्हीही घाला. काल साबणासारखे सटकत होते. आज खरखरतात, ओढ्यातल्या बारीक खड्यांसारखा आवाज येतो. झालं. आत्ता धुवायचं, सकाळी नाही. अजून दोन-चार तास राहिलं तर दाण्यात आंबूस, कुजका वास शिरतो, आणि तो पुढे कशानंच निघत नाही. असा एखाददुसरा दाणा भाजून दळला गेला, की अख्खी किटली ओतून द्यावी लागते.

म्हाताऱ्यानं आयुष्यात मळ्याची कॉफी प्यायलीय ती खळ्यावर पडलेल्या तुकड्यांची, गूळ घालून. साहेब लोक ज्या स्वादासाठी पैसे मोजतात तो त्यानं कधी चाखलेला नाही. त्याला तो हाताला कळतो.

धुतलेल्या दाण्यांवर आता फक्त चामड्यासारखं पिवळट टरफल. खळ्यावर पातळ थर पसरायचा, दर तासाला दाताळ्यानं फिरवायचा, दुपारचं ऊन कडक झालं की झाकायचा, रात्री दवापासून झाकायचा. आठ-दहा दिवस. सुकलं की नाही ते दातांखाली धरून बघतात: ओला दाणा चिकट दबतो, सुकलेला टणक लागतो. ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर आला की पोती भरायची. सहा किलो फळातून हाती लागते ती शेवटी साधारण एक किलो कॉफी.

पोती ट्रकवर चढली. त्यांच्यामागे जा, क्युरिंगच्या कारखान्यात, पण तिथं फार वेळ काढू नका. टरफल काढतात, चाळण्यांतून आकारानुसार प्रती लावतात, आणि लांब टेबलांशी बसलेल्या बायका फुटके, काळे, डागाळलेले दाणे हातानं वेचतात. फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरला असेल तर तो पीबेरी, त्याची वेगळी रास.

आणि इथं उताराचं नाव पुसलं जातं. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडली, कॉफी कुजायची वेळ आली, तेव्हा १९४० मध्ये वटहुकूम आणि १९४२ मध्ये कायदा करून सरकारनं व्यवस्था लावली: मळेवाल्यानं सगळं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात, ‘पूल’मध्ये, घालायचं, विकणार बोर्ड, पैसे हप्त्याहप्त्यानं. त्या वेळी या व्यवस्थेनं मळे वाचवले, हे मान्य करायला हवं. मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं ते याच बोर्डाच्या पूर्वीच्या सेस कमिटीनं, देशातल्या लोकांना कॉफी पाजावी म्हणून. पण पूलमध्ये तुमच्या पोत्याला गुण मिळतात ते प्रतीचे, आकाराचे. एकदा रास झाली की रात्री तीनला उठलेल्या म्हाताऱ्याची टाकी आणि सकाळपर्यंत झोपून राहिलेल्याची टाकी एकाच ढिगात. मग हळूहळू मळेवालेही हिशेबी होतात. बाराशे मीटरवरच्या सावलीतल्या दाण्याला आणि खालच्या सपाटीवरच्या दाण्याला साधारण तोच भाव असेल तर चौथ्यांदा झाडाकडे कशाला जायचं? एकदाच ओरबाडा. मागणी आहेच, सोव्हिएत रशिया घेतो, फारशा कटकटी करत नाही. पन्नासेक वर्षं असं चाललं. वाईट कॉफी कोणी मुद्दाम केली नाही. चांगली करायचं कारण तेवढं उरलं नाही.

शेवटचा मुक्काम, १९९७ चा फेब्रुवारी. १९९२ पासून पूल टप्प्याटप्प्यानं सैल होत गेला आणि गेल्या वर्षी मळेवाला पूर्ण मोकळा झाला. कोणालाही विका. भाव चढे आहेत, पण चार-पाच वर्षांनी ते असे आपटतील की फळ तोडण्याची मजुरी सुटणार नाही. ते आज कोणाला ठाऊक नाही. कॉफी बोर्डात गुणवत्ता विभागाच्या प्रमुख राहिलेल्या सुनालिनी मेनन यंदा बंगलोरमध्ये स्वतःची चाखणीची प्रयोगशाळा काढताहेत. चाखून भाव ठरवणारे लोक आता मळ्यापर्यंत पोचू लागलेत.

तुम्ही एका टेबलाशी उभे आहात. आपल्या उतारावरचा नमुना आहे, हलका भाजून भरड दळलेला, एकाच नमुन्याचे पाच कप. गरम पाणी ओतून चार मिनिटं झालीत. चमच्यानं वरची साय फोडा, नाक खाली न्या. आता चमचाभर तोंडात ओढा, फुर्रकन, अगदी आवाज करून. लाजलात तर चव कळणार नाही. जिभेच्या कडांना हलका आंबूसपणा, मग गूळ, मागाहून मसाल्याच्या पदार्थांसारखं काहीतरी. मळ्यात मिऱ्यांचे वेल आहेत म्हणून मिरी लागते असं सांगणारे भेटतील. त्यांना हसून मान डोलवा आणि पुढच्या कपाकडे जा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा नाकाजवळ नेताच चाखणारा थांबतो. पुन्हा वास घेतो. थुंकदाणी ओढतो.

चौथ्या कपात कुजका वास आहे. पाचवा स्वच्छ.

पोत्यांचा हा गट खास म्हणून विकला जाणार होता. आता तो सर्वसाधारण भावानं जाईल. मळेवाला, पन्नाशीचा, शहरात शिकून परत आलेला, गाडीनं संध्याकाळी मळ्यावर पोचतो आणि रायटरला वही मागतो.

“ही पोती कोणत्या टाकीतली?”

रायटर पानं उलटतो. तारीख आहे. तोडलेल्या फळाचं वजन आहे, प्रत्येक बाईचं नावानिशी. पोत्यांची संख्या आहे. टाकी नाही. टाक्यांना नंबरच नाहीत. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

“त्या आठवड्यात सहाही टाक्या भरलेल्या होत्या, सर. एका रात्री इंजिन बंद पडलं होतं. पहाटेपर्यंत पाणी नव्हतं.”

“कोणती रात्र?”

ते पल्परघरातल्या माणसाला आठवतं, पण तारखेनं नाही. चिकमगळूरच्या बाजाराच्या आदल्या रात्री, एवढं तो सांगतो. रायटर कॅलेंडरवर बोट फिरवून दिवस काढतो. मळेवाला गोदामातून पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला मागवतो आणि दिवा धरायला सांगून टाक्यांच्या भिंतीवर स्वतःच आकडे काढायला लागतो. एक, दोन, तीन. चौथ्या टाकीत दाणे भरलेले आहेत. त्या टाकीवर आकड्याच्या खाली तो आजची तारीख आणि दाणे घातल्याची वेळही लिहितो, आणि रायटरला म्हणतो, उद्यापासून वहीत एक रकाना वाढवा.